जुनी अ‍ॅक्टिव्ह बास घेताय? वाजत असताना बॅटरी काढून बघा

सेकंडहँड बास गिटार शोधणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितोय. अ‍ॅक्टिव्ह बास म्हणजे जिच्या पोटात बॅटरीवर चालणारा प्रीअँप, म्हणजे आवाज घडवणारं छोटं सर्किट असतं ती; पॅसिव्ह म्हणजे बॅटरीशिवायची. पुण्यात मला ‘ओरिजिनल अ‍ॅक्टिव्ह प्रीअँप, १८ व्होल्ट’ अशी जाहिरात करून एक पाच तारांची बास ४२ हजारांना विकली. तिच्यातला प्रीअँप निव्वळ देखावा होता.

विकणाऱ्याच्या घरी ती वाजवली तेव्हा खर्ज भरदार येत होता. गिटार आणि अँपच्या मध्ये त्याने एक प्रीअँप पेडल, म्हणजे तेच काम बाहेरून करणारी, पायाने चालवायची डबी जोडून ठेवली होती. ‘अँप छोटा आहे, म्हणून लावलंय,’ म्हणाला. सगळी करामत त्या पेडलची होती. गिटारवरचा ट्रेबलचा नॉब फिरवला की आवाज बदलायचा, कारण तो साध्या पॅसिव्ह टोनसारखा जोडला होता. खर्ज कमी-जास्त करणाऱ्या ‘बास’ नॉबकडे हात गेला की, ‘तो मध्यावरच असू द्या, फ्लॅट छान वाटतो.’

गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाआधी नव्या बॅटऱ्या घालायला जुन्या काढल्या, केबल लावलेलीच होती, आणि बास तशीच वाजत राहिली! मागचं झाकण उघडलं. बॅटऱ्यांच्या वायरी टेप गुंडाळून सोडून दिलेल्या. नामांकित कंपनीचं नाव छापलेली काळी डबी आत नुसती चिकटवलेली, तिला एकही वायर नाही. कुणीतरी बसून, वेळ काढून हे केलंय, याचा संताप अजून जात नाही.

पॅसिव्ह टोन नॉब ट्रेबल फक्त कमी करतो. बॅटरीवरचा प्रीअँप खर्ज वाढवूही शकतो. म्युझिक मॅन कंपनीच्या १९७६च्या स्टिंगरे या बासचं नाव झालं त्यात आतल्या प्रीअँपचा मोठा वाटा होता, आणि आज ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हटलं की किंमत चढते. पेडल निदान समोर दिसतं, बंद केलं की फरक लगेच कळतो. गिटारच्या पोटातलं कुणाला दिसतंय? म्हणून मी तरी आता म्हणेन, जुन्या बाजारात चांगली पॅसिव्ह बास घ्या आणि पेडल वेगळं घ्या.

तरीही अ‍ॅक्टिव्हच हवी असेल, तर एकच केबल, थेट अँपमध्ये. मध्ये ट्यूनरसुद्धा नको. ‘बास’ नॉब मध्यापासून वर नेला की खर्ज ठळकपणे वाढलाच पाहिजे. मग वाजत असतानाच बॅटरी काढायला सांगा. अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह स्विच असेल तर तो आधी अ‍ॅक्टिव्हवर ठेवा. आवाज तसाच चालू राहिला तर उठून या. झाकणाचे स्क्रू काढू देत नसेल तरी उठून या. झाकण उघडलंच तर जॅककडे बघा: अ‍ॅक्टिव्ह बासमध्ये बहुधा स्टिरिओ जॅक असतो, केबल घातली की बॅटरी चालू करणारा. माझ्या बासला साधा मोनो निघाला.

विकणाऱ्याने मला ब्लॉक केलंय आणि जाहिरातही काढून टाकलीय. तिचा स्क्रीनशॉट आणि यूपीआयची पावती होती, त्यावर पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. तुम्ही व्यवहार करताना ‘अ‍ॅक्टिव्ह प्रीअँप चालू स्थितीत’ हे शब्द विकणाऱ्याकडून मेसेजवर लिहून घ्या, पैसे त्यानंतरच पाठवा.