न्यू जर्सीतल्या आमच्या बँकरप्सी वकीलबाई आणि टॅक्सचा रिफंड

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते शेवटी लिहिते. बाकीचे चार त्यांनी आमचा टॅक्स रिफंड ज्या पद्धतीने हाताळला त्यासाठी आहेत. दिवाळखोरी हा विषय आपल्या लोकांत कुणी काढत नाही. त्यामुळे पॉटलकला भेटणाऱ्या पन्नास माणसांत एकानेही आम्हाला हे सांगितलं नव्हतं, की चॅप्टर ७चा (मालमत्ता देऊन कर्जातून सुटण्याच्या दिवाळखोरीचा) अर्ज केला की येणारा रिफंडसुद्धा ट्रस्टीच्या, म्हणजे देणेकऱ्यांसाठी मालमत्ता गोळा करणाऱ्या माणसाच्या हातात जाऊ शकतो.

नवऱ्याची नोकरी गेली, विमा गेला आणि त्याच काळात त्याचं ऑपरेशन करावं लागलं. हॉस्पिटलची बिलं, ती भागवताना फुगलेली क्रेडिट कार्डं. पुढे दुसरी नोकरी लागली, पण कमी पगाराची. व्याजच फिटत नव्हतं. वर्षाचे काही महिने पगार नसल्यामुळे कापलेला टॅक्स मात्र देण्यापेक्षा बराच जास्त झाला होता आणि रिफंड सात हजार डॉलरच्या जवळ येणार होता. आमच्या घरात त्या वेळी एवढे एकरकमी पैसे दुसरीकडून कुठूनही येणार नव्हते.

आधी आम्ही एका स्वस्तात फॉर्म भरून देणाऱ्याकडे गेलो होतो. रिफंडचं विचारलं तर उत्तर मिळालं, "ते तुमचं तुम्ही बघा, आम्ही फक्त टाइप करतो." ते खरंच आहे. वकील नसलेल्या फॉर्म भरणाऱ्याला कायदेशीर सल्ला द्यायला कायद्यानेच बंदी आहे. पण ज्याचा रिफंड मोठा आहे त्याने अशा ठिकाणी जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत, जानेवारीच्या शेवटी, कर्ज किती हे विचारण्याआधी विचारलं, "गेल्या वर्षाचं रिटर्न भरलं का? रिफंड किती येईल?" आणि मग कागदावर आकडे मांडून समजावलं. अर्ज दाखल होतो त्या दिवशी तुमचं जे काही आहे आणि तुम्हाला जे काही येणं आहे, ते सगळं दिवाळखोरीच्या इस्टेटमध्ये, म्हणजे ट्रस्टीच्या ताब्यात येणाऱ्या मालमत्तेत धरतात. गेलं वर्ष पूर्ण संपलेलं, म्हणजे त्या वर्षाचा रिफंड पूर्णच्या पूर्ण इस्टेटचा. रिटर्न अजून भरलेलं नसलं तरी. चालू वर्षाचा रिफंड दिवसांच्या हिशेबाने वाटला जातो: १ ऑक्टोबरला अर्ज केला तर साधारण तीन चतुर्थांश इस्टेटचा, एप्रिलच्या शेवटी केला तर साधारण एक तृतीयांश.

नवरा म्हणाला, पण हे तर माझ्या पगारातून कापलेले पैसे आहेत. पगाराला संरक्षण असतं ना? तर हाच मुद्दा १९७४ साली कोकोश्का विरुद्ध बेलफर्ड या खटल्यात सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. तिथेही माणूस वर्षातले काही महिने बेकार होता आणि रिफंड होता अडीचशे डॉलरच्या आसपास. कोर्टाने सांगितलं की रिफंड म्हणजे पगार नव्हे, तो ट्रस्टीकडे जातो. अडीचशे डॉलरसाठी एक माणूस तिथवर लढला आणि हरला, हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

मग बचाव कसा? एक्झेम्प्शनने, म्हणजे जी मालमत्ता ट्रस्टीला घेता येत नाही तिच्या सवलतीने. काही राज्यांत सवलतींची फक्त राज्याचीच यादी चालते. न्यू जर्सीत राज्याची किंवा फेडरल, दोन्हींतली एक निवडता येते, नवरा-बायकोने मिळून अर्ज केला तर दोघांनी एकच. राज्याची यादी फारच तोकडी आहे, वैयक्तिक मालमत्तेला हजार डॉलर. फेडरल यादीत मात्र "वाइल्डकार्ड" नावाची सूट आहे, ती कशावरही लावता येते, रिफंडवरही. १ एप्रिल २०२५ पासून ती १,६७५ डॉलर आहे आणि स्वतःचं घर नसेल तर घराच्या न वापरलेल्या सवलतीतले आणखी १५,८०० पर्यंत. एका माणसामागे १७,४७५. (इथे राहायला येऊन दोन वर्षं झाली नसतील तर आधीच्या राज्याचे नियम लागू शकतात. म्हणून त्यांनी आमचे जुने पत्तेही मागितले.)

मी म्हटलं, मग प्रश्न मिटला. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "भारतात काही आहे का?" सांगलीच्या वडिलोपार्जित घरात नवऱ्याचा भावांबरोबर हिस्सा आहे. कायद्यात मालमत्ता जगात कुठेही असली तरी ती दाखवावीच लागते. त्या हिश्श्याची किंमत धरली तर नवऱ्याचं वाइल्डकार्ड जवळपास तिथेच संपत होतं, आणि रिफंडचा मोठा भाग त्याच्याच पगारातून कापलेला. तो प्रश्न त्यांनी विचारला नसता तर आमचा रिफंड उघड्यावर पडला असता, किंवा सासऱ्यांचं घर अडचणीत आलं असतं. या एका प्रश्नासाठी मी त्यांना पूर्ण फी आनंदाने दिली असती.

त्यांचा सल्ला होता: घाई करू नका. रिटर्न लगेच भरा, रिफंड हातात येऊ द्या, तो रोजच्या गरजांवर खर्च करा आणि मग अर्ज करू. भाडं, किराणा, गाडीचे टायर, मुलीच्या दाताचं काम, वकिलाची फी, कोर्टाची ३३८ डॉलर फी. प्रत्येक पावती ठेवायची. टीव्ही नको, सोनं नको, भारताची तिकिटं नकोत.

आणि दिराचे पैसे परत करायचे नाहीत. हे आम्हाला सगळ्यात जड गेलं. ऑपरेशनच्या वेळी दिराने दोन हजार डॉलर न मागता पाठवले होते आणि रिफंड आला की पहिले तेच द्यायचे असं नवऱ्याने मनात धरलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, अर्जाआधीच्या एका वर्षात घरच्या माणसाचं कर्ज फेडलं तर ट्रस्टी ते त्याच्याकडून परत मागू शकतो. म्हणजे दिरालाच नोटीस. नवरा त्या रात्री जेवला नाही. दिराला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, आधी तू सूट." डिस्चार्ज, म्हणजे कर्जातून सुटका देणारा कोर्टाचा आदेश, मिळाल्यावर स्वखुशीने परत करायला कायद्याची आडकाठी नाही, आणि आता आम्ही तेच करतोय.

चालू वर्षासाठी त्यांनी नवऱ्याला कंपनीत नवीन डब्ल्यू-४ (पगारातून किती टॅक्स कापायचा ते सांगणारा फॉर्म) भरायला लावला, म्हणजे पगारातून गरजेपुरताच टॅक्स कापला जाईल आणि पुढचा रिफंड मुळातच लहान राहील. जो थोडा येईल तो त्यांनी मालमत्तेच्या यादीत लिहिला आणि सवलतीच्या यादीतही. लपवलेला रिफंड नंतर सापडला तर मिळालेला डिस्चार्जसुद्धा रद्द होऊ शकतो, हे त्यांनी दोनदा बजावलं. सरकारचा जुना टॅक्स थकलाय का हेही विचारून घेतलं, कारण असला तर आयआरएस (फेडरल टॅक्स खातं) तो रिफंडमधून वळता करून घेऊ शकते.

एप्रिलअखेरीस अर्ज गेला. ट्रस्टीबरोबरची ३४१ मीटिंग (अर्जानंतर ट्रस्टी प्रश्न विचारतो ती सक्तीची बैठक) झूमवर झाली. त्याने रिफंडचं विचारलंच: किती आला, कुठे गेला. पावत्यांची फाइल आधीच पाठवलेली होती. त्याने दोन प्रश्न विचारले आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

आता कापलेला तारा. फोन उचलला जात नाही. ईमेलचं उत्तर असिस्टंट देते आणि उशिरा देते. कागद तुकड्यातुकड्याने मागितले: आधी पे-स्टब, मग बँक स्टेटमेंट, मग पुन्हा जुनं रिटर्न. अर्जाआधीचा क्रेडिट कौन्सिलिंगचा कोर्स आणि नंतरचा दुसरा कोर्स, दोन्हींचे पैसे फीमध्ये धरलेले नाहीत, हेही आधी सांगायला हवं होतं. एवढी काळजी करणाऱ्या बाईंच्या ऑफिसात घाबरलेल्या माणसाला चार-चार दिवस ताटकळावं लागू नये.

चॅप्टर १३ करणाऱ्यांनी त्यांना वेगळं विचारावं. तिथे तीन ते पाच वर्षं हप्ते चालतात आणि बऱ्याच ठिकाणी त्या काळातले दरवर्षीचे रिफंडही ट्रस्टीला द्यावे लागतात. त्याचा अनुभव मला नाही.

पहिली भेट मोफत आहे. जाताना गेल्या दोन वर्षांची रिटर्न, शेवटचा पे-स्टब आणि भारतातल्या घरा-जमिनीचे कागद सोबत न्या. आणि शक्य असेल तर रिटर्न भरण्याआधी, जानेवारीतच जा.