तारा माझ्याच हातात होत्या

डोंगरातलं सोनं शोधून देतो म्हणणाऱ्या त्या माणसाने सगळ्यात आधी मला घरातला एक जुना तारेचा हँगर शोधायला लावला. तोडायचा मीच, वाकवायचाही मीच. काटकोनात वाकवलेल्या दोन तारा, आखूड बाजू मुठीत सैल धरायची, लांब बाजू समोर. "माझ्या हातचं काहीच नको, भाऊ. उद्या म्हणाल, याने तारेत काहीतरी भरलं होतं," तो म्हणाला. मी मनात म्हटलं, माणूस सरळ आहे.

मग त्याने माझीच सोन्याची अंगठी जमिनीवर ठेवली आणि मला तिच्या दिशेने सावकाश चालायला सांगितलं. अंगठी पायाशी आली आणि दोन्ही तारा आपोआप एकमेकींवर आल्या. अंगावर काटा आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माझ्या मेहुण्याने करून पाहिलं, त्याच्याही तारा जुळल्या. तो गृहस्थ तेवढा वेळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरा उभा होता. सगळी फसवणूक त्या पाच मिनिटांत झाली होती. पुढचे चार महिने झाली ती नुसती वसुली.

काठीवर पाणी शोधणारे पाणाडे आपल्याला ऐकून माहीत असतात. हा माणूस स्वतःला पाणाड्या म्हणवून घेत नव्हता, त्याला तो शब्द हलका वाटायचा. तो डोंगरातलं सोनं आणि खडे शोधतो, असं त्याचं म्हणणं. सोबत एक जुनं चित्र प्लास्टिकच्या आवरणात घालून आणलं होतं: डोंगरउतारावर खाणकामगार खणताहेत आणि मधूनच काही माणसं बेचक्याची फांदी दोन्ही हातांत धरून फिरताहेत. हे चित्र खरं आहे. 1556 साली छापलेल्या अ‍ॅग्रिकोलाच्या खाणकामावरच्या लॅटिन ग्रंथातलं आहे. कुठल्या धातूला कुठली काठी वापरतात तेही त्या ग्रंथात आहे, चांदीला हेझलची फांदी, तांब्याला अ‍ॅशची आणि सोन्याला चक्क लोखंडाची सळई. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्याच पानांत अ‍ॅग्रिकोलाने पुढे काय लिहिलंय ते मात्र त्याने सांगितलं नाही. ज्याला खडकाच्या नैसर्गिक खुणा वाचता येतात, त्या जाणत्या खाणकामगाराला काठीचा काहीच उपयोग नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. मी हे पैसे गेल्यावर वाचलं. चित्र बघून खाली मान हलवायची आणि मजकूर वाचायचा नाही, ही खोड जुनी आहे माझी.

सुरुवातीला एक पैसा घेतला नाही. "मिळालं तर वाटा द्या." मग नकाशावर लंबक फिरवण्याचं झालं. दोऱ्याला टांगलेला पितळी लंबक, डाव्या हाताच्या मुठीत सोन्याचा तुकडा. त्याला तो 'साक्षीदार' म्हणायचा, म्हणजे लंबकाला कळावं की नेमकं काय शोधायचंय. खडे शोधायचे तर मुठीत लाल खडा. इथेही लंबक माझ्याच हातात दिला. नकाशावर ओढ्याच्या एका वळणापाशी तो गोल फिरायला लागला. आदल्या संध्याकाळी बोलता बोलता त्याने त्याच वळणावर दोनदा बोट ठेवलं होतं, हे मला फार नंतर आठवलं.

आम्ही तिघं डोंगरात गेलो. मी माझ्या तारा घेऊन ओढ्याकाठी चालत होतो आणि त्या बरोबर वळणापाशी जुळल्या. खोली काढायची त्याची रीत अशी: तारा जुळल्या तिथे खुंटी मारायची, तिथून सरळ दूर चालत जायचं, पुन्हा जुळल्या की थांबायचं. जितकं अंतर, तितकी खोली. माझी अकरा पावलं भरली. म्हणजे अकरा पावलं खोल. तेव्हा मला ते शास्त्रशुद्ध वाटलं. आता विचार केला की हसू येतं, कारण दोन माणसं कुदळ-फावड्याने डोंगरात अकरा पावलं खोल जाऊच शकत नाहीत. आम्ही पुरुषभर खणलं आणि अखंड कातळ लागला. आता खाली सोनं नाही हे कोण सिद्ध करणार? त्याचा शब्द खोटा ठरायची सोयच त्याने ठेवली नव्हती.

खणणं थांबलं की माणसाचा धीर सुटतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याच दिवशी त्याने थाळा काढला. काठाची मोकळी वाळू भरली, पाण्यात बुडवून गोल हलवत हलवत वरची हलकी वाळू सोडून दिली. हे करताना त्याच्या ओठात सिगारेट होती आणि राख अधूनमधून थाळ्यात पडत होती. तळाला काळी वाळू राहिली आणि तिच्या कडेला सात-आठ पिवळे कण चमकले. सोबत वाटाण्याएवढे दोन लाल खडे. मेहुणा तर रडायचाच बाकी होता.

थोडं ठाऊक असतं तर मी तिथेच थांबलो असतो. सोन्याची घनता 19.3, साध्या वाळूची 2.65 च्या आसपास, म्हणजे सोनं सातपट जड. असं जड सोनं पाण्याचा जोर जिथे मंदावतो तिथे बसतं: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडाच्या आडोशाला, तळाच्या कातळाच्या भेगांत. त्याने थाळा भरला होता वळणाच्या बाहेरच्या बाजूने, जिथे पाणी काठ खातं, आणि तोही वरच्या वरच्या वाळूने. तिथे पहिल्याच थाळ्यात सात-आठ कण मिळणं म्हणजे रस्त्यात पाकीट पडलेलं असावं आणि त्यात आपलंच नाव लिहिलेलं असावं, तसं.

या प्रकाराला खाणकामात 'सॉल्टिंग' म्हणतात, म्हणजे मीठ भुरभुरावं तसं आधीच सोनं पेरून ठेवायचं. 1872 साली अमेरिकेत अर्नोल्ड आणि स्लॅक नावाच्या दोघांनी एका ओसाड पठारावर हिरे-माणकं पेरून मोठमोठ्या धनिकांना गंडवलं होतं. क्लॅरेन्स किंग या भूवैज्ञानिकाने ते उघडकीला आणलं. ज्या वारुळांत खडे मिळत, त्यांना काठीने पाडलेलं एक जादा भोकही असे. भोक नसलेल्या वारुळात खडा नसे. शिवाय निसर्गात सहसा एकत्र न सापडणारी रत्नं तिथे शेजारी शेजारी पडली होती. म्हणजे फसलेल्यांत मी काही पहिला नाही आणि सगळ्यात मोठाही नाही. एवढ्याने पैसे परत येत नाहीत, पण झोप जरा बरी लागते.

त्यानंतर पैशांचा ओघ सुरू झाला. आधी 'परवानगी'साठी. डोंगर कुणाचा, तिथल्या खनिजावर हक्क कुणाचा, हे आम्ही विचारलंही नाही. कितीतरी देशांत जमीन तुमच्या नावावर असली तरी तिच्या पोटातलं खनिज सरकारचं असतं, आणि परवाना द्यायचाच झाला तर संबंधित खातं देतं, रोख पैसे घेणारा मध्यस्थ नव्हे. मग मजुरांसाठी. मग पुन्हा तारा घेऊन गेलो तेव्हा त्या जुळेचनात, तर कारणं तयार: कमरेच्या पट्ट्याचं लोखंड, सूर्यावरची वादळं आणि शेवटी, "तुमच्या मनात शंका शिरलीय, भाऊ. तारांना ती कळते." हे वाक्य मला सगळ्यात जास्त महागात पडलं. शंका आली की ती लपवायची, मेहुण्याजवळसुद्धा बोलायची नाही, नाहीतर आपल्यामुळेच सोनं हुकेल. तो महिनाभर आम्ही दोघंही मनातून घाबरलेले होतो आणि एकमेकांना उत्साह दाखवत होतो.

शेवटचा आणि सगळ्यात मोठा हप्ता यंत्रासाठी गेला. मूठ पिस्तुलासारखी, पुढे बिजागरीवर सैल फिरणारी अँटेना, बाजूला कार्ड सरकवायची खाच. सोन्याचं कार्ड वेगळं, माणकाचं वेगळं. बॅटरी नाही. "माणसाच्या अंगातल्या विजेवर चालतं." मुठीवर सील आणि तोडलं तर हमी रद्द. गाडीसाठी साठवलेलं सगळं त्यात गेलं, वर मेहुण्याकडून घेतलेले उसने. यंत्र माझ्या हातात पडलं आणि आठवड्याभरात त्याचा फोन लागेनासा झाला.

भूगर्भशास्त्र शिकलेला एक जुना मित्र आहे. त्याच्याकडे कण आणि खडे घेऊन गेलो. अजूनही पोटात आशा होतीच: तो यंत्राला हसेल, पण कण बघून गप्प होईल. त्याने दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावलं, कण पांढऱ्या कागदावर उलटवले आणि भिंग माझ्या हातात दिलं. "कडा बघ." ओढ्यातून आलेलं सोनं दगडांवर आपटून आपटून चपटं, कडांनी गोलसर झालेलं असतं. माझे कण वाकड्या साली होत्या आणि प्रत्येक सालीवर एका दिशेने गेलेले बारीक समांतर ओरखडे. कानशीचे. कुणीतरी दागिना घासला होता. लाल खडा त्याने तेलाच्या थेंबात बुडवून उजेडासमोर धरला. आत गोल बुडबुडे होते आणि वक्र रेघा, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. नैसर्गिक माणकातल्या वाढीच्या रेघा सरळ आणि कोनात जातात. ज्योतीत पूड वितळवून माणिक बनवायची कृती फ्रान्समध्ये वेर्नॉयने 1902 साली जाहीर केली. तेव्हापासून असा माल ढिगाने बनतो. मी काच म्हटलं तर तो म्हणाला, "काच नाही, माणिकच आहे. फक्त डोंगरातलं नाही, भट्टीतलं."

यंत्राचं सील त्याच रात्री तोडलं. मूठ आतून पोकळ. कार्डाच्या खाचेतून एकही तार कुठे जात नव्हती. हाच धंदा याहून फार भयंकर पातळीवर झालेला आहे. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याचं म्हणून विकलं जाणारं असलंच खेळणं जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या ब्रिटिश माणसाने बॉम्बशोधक यंत्र म्हणून विकायला घेतलं. त्याचं एडीई 651 इराकमध्ये तपासणीनाक्यांवर वापरात होतं. 2013 साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. माझ्या यंत्राने निदान कुणाचा जीव गेला नाही.

पण एक गोष्ट तरीही सुटत नव्हती. कण खोटे, खडे खोटे, यंत्र खोटं, मान्य. माझ्या घरात, माझ्या हँगरच्या तारा माझ्या अंगठीवर कशा जुळल्या? मित्र म्हणाला, तारा आडव्या धरल्या की तोल इतका नाजूक असतो की मनगट किंचित आत कललं तरी टोकं गर्रकन वळतात. आणि मनगट कलवण्यासाठी तुला ठरवावं लागत नाही. आता जुळणार असं वाटलं की पुरे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रलने लंबकावर स्वतःच प्रयोग करून 1833 साली हे लिहिलं: डोळे झाकले की त्याच्या हातातला लंबक थंडावायचा. अशा नकळत होणाऱ्या हालचालींना इंग्लंडच्या कार्पेंटरने 1852 साली 'आयडिओमोटर' हे नाव दिलं. जर्मनीत कासेल इथे 1990 साली तीसेक पाणाड्यांची चाचणी झाली. पुरलेल्या नळातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच सांगायचं होतं. अटी त्यांना आधीच मान्य होत्या. निकाल नाणेफेकीइतकाच आला.

मला वाचून पटेना, म्हणून घरी करून पाहिलं. एकसारखे दहा डबे पालथे घातले. अंगठी कुठल्या डब्याखाली आहे हे मला माहीत असताना दहापैकी दहा वेळा तारा जुळल्या. मग भाचीला सांगितलं, मी बाहेर असताना लपव आणि मी आत यायच्या आधी दुसऱ्या दाराने निघून जा. ती खोलीत थांबली असती तर तिच्या नजरेवरूनच कळलं असतं. वीस वेळा केलं. नुसत्या अंदाजाने दोनदा बरोबर यायला हवं होतं, मला एकदाच आलं. गंमत म्हणजे चुकीच्या डब्यावरही तारा तेवढ्याच ठामपणे जुळत होत्या. हातांना फरक काहीच जाणवत नव्हता. ही चाचणी करायला एक संध्याकाळ लागते आणि खर्च काहीच नाही. मी ती चार महिने उशिरा केली.

तक्रार द्यायला गेलो तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "तारा त्याने हलवल्या का?" म्हटलं, नाही. "जागा त्याने दाखवली?" नाही, माझ्या हातातल्या लंबकाने. "खड्डा?" आम्हीच खणला. तो लिहायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. तक्रार उभी राहिली ती कानशीच्या सालींवर, पैसे पाठवल्याच्या नोंदींवर आणि यंत्राबद्दल त्याने पाठवलेल्या आवाजी निरोपांवर. ते मी पुसले नव्हते, निव्वळ आळसाने. मेहुण्याने मात्र लाजेपोटी त्याच्या फोनवरचं सगळं पुसून टाकलं होतं.

यंत्र, कार्डं, कण आणि खडे पुरावा म्हणून जमा करून घेतले. तारा टेबलावरच राहिल्या. अधिकाऱ्याने त्या उचलून माझ्या हातात दिल्या. "या तुमच्याच हँगरच्या ना? घेऊन जा."