नंबरची पाटी गेली तिथेच माझा पंप गेला

वडील गेल्यापासून आमचा महिंद्रा 265 ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता. यंदा पेरणीआधी चालू करायला घेतला आणि तालुक्याच्या एका फिटरने मला 47,300 रुपयांना बुडवलं. अ‍ॅडव्हान्स 15,000, लायनर-पिस्टन सेट (पिस्टन आणि तो ज्यात वरखाली होतो ती नळी) 19,800, इंजिनात डिझेल सोडणारा पंप 12,500. आकडे मुद्दाम देतोय, गावात कुणी वीस हजार सांगतं, कुणी लाख.

पठ्ठ्याने आल्या आल्या बॅटरी जोडली, सेल्फ मारला आणि ‘इंजिन जाम, पिस्टन धरलेत’ म्हणून मोकळा. कित्येक वर्षं उभ्या ट्रॅक्टरला थेट सेल्फ मारणारा शेडबाहेर हाकला. आधी नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, मुरू द्यायचं, मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवायचं. हे नंतर दुसऱ्या मिस्त्रीकडून कळलं. त्याच्या मते इंजिन जाम नव्हतंच. टाकीत पाणी नि गंज, आणि जुन्या डिझेलने पंपाचे एलिमेंट, म्हणजे आतले दट्टे, चिकटलेले, एवढाच आजार.

‘पंप पुण्याहून कॅलिब्रेट करून, म्हणजे डिझेलचं माप जुळवून, आणतो’ फिटर म्हणाला. आणला तेव्हा चकचकीत चंदेरी रंग, आणि नंबरची पाटी गायब. मी विचारलंसुद्धा! ‘धुताना निघाली, मालक.’ अरे, रिव्हेट मारलेली पाटी धुताना निघते? हे मला सुचलं रात्री अंथरुणात, आणि 12,500 दुपारीच यूपीआयने गेलेले. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. मृग तोंडावर आलेला, भाड्याचा ट्रॅक्टरवाला फोन उचलत नाही, अशा वेळी तुम्ही रिव्हेट मोजत बसला असता? पंप सुटण्याआधी नंबरचा फोटो काढा, तेवढं करा.

काळा धूर ओकत ट्रॅक्टर चालू झाला आणि पहिल्याच वावरात बसला. दुसऱ्या मिस्त्रीने हेड उघडलं. लायनरच्या वरच्या काठाला झिजून नखाला लागेल एवढी पायरी पडलेली, म्हणजे लायनर जुनेच. नवीन फक्त हेडचं पॅकिंग. काढलेला जुना माल मागितला होता, तर ‘भंगारात घातला’. जुना माल दारात पडल्याशिवाय पैसा सोडू नका.

आता पोलीस. ठाण्यात म्हणे हा दिवाणी मामला, कोर्टात जा. आमचाच पंप सांगून दुसराच गळ्यात मारणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मग कशासाठी छापलंय? ‘पैसे ऑनलाइन दिलेत ना, मग 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.’ लावला. तिकडून उत्तर, तुम्ही स्वतःहून दिलेत, ठाण्यात जा. पुन्हा ठाणं. साहेब बंदोबस्तावर. हवालदाराने चहा पाजला आणि ‘गावातलाच माणूस, मिटवून घ्या’ म्हणाला. चहाचे पैसे मीच दिले.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण वकील आधी पक्कं बिल मागतो. माझ्याकडे वहीचा फाडलेला कागद, त्यावर शिक्का ना सही. पक्क्या बिलावर अठरा टक्के जास्त पडतील, असं फिटर म्हणाला होता. पडू द्या.

आमच्या मायको कंपनीच्या पंपाच्या बुडाशी वडिलांनी पंचने ठोकलेले तीन ठिपके आहेत. कुणाला विकायला आलेला दिसला तर कळवा, आणि घासाघीस करत बसू नका, आधी फोटो काढा.