खेळाडूंसाठीची डीएनए टेस्ट: पाचपैकी दोन स्टार

पुतण्या पंधराशे मीटर पळतो. त्यानं हट्ट धरला म्हणून मागवली, साडेसात हजारांना. कंपनीचं नाव लिहीत नाही.

किटबद्दल तक्रार नाही. नळीवरच्या रेघेपर्यंत थुंकी भरायची, फेस धरायचा नाही. झाकण घट्ट फिरवलं की त्यातलं द्रावण खाली उतरतं, मग कुरिअरवाला घरून घेऊन जातो. आधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही, हेच काय ते अवघड. आमचं पोरगं रंकाळ्यावरून आलं की थेट मिसळीवर. धरून बसवावं लागलं.

भानगड अहवालाची. एसीटीएन-थ्री या जीनचा प्रकार 'आर-आर' निघाला, म्हणून पानभर लाल रंगात शेरा: 'पॉवर प्रकार, लांब पल्ल्यास कमी अनुकूल'. पोराचं तोंड उतरलं. वहिनी म्हणाल्या, "मग गंगावेस तालमीत घालूया काय?"

हा जीन वेगवान स्नायूतंतूंतलं एक प्रथिन बनवतो. 'आर-आर' असलेल्यांत ते बनतं, 'एक्स-एक्स' असलेल्यांत बनतच नाही. 2003 च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात अव्वल स्प्रिंटरांत 'एक्स-एक्स' फार थोडे निघाले, तेवढं खरं. पण दमाच्या खेळाडूंत ते 24 टक्के आणि सामान्य लोकांत 18. म्हणजे दमाच्या त्या अव्वल खेळाडूंतल्या तीन-चतुर्थांश जणांकडे हे प्रथिन होतंच की! एवढ्यावर सोळा वर्षांच्या पोराला लाल शेरा?

दम रक्तात असतो, हे मी नाकारत नाही. 'हेरिटेज' नावाच्या एका अभ्यासात सगळ्यांना 20 आठवडे सारखाच व्यायाम दिला, तर कुणाची ऑक्सिजन घेण्याची क्षमता मिनिटाला लिटरभर वाढली, कुणाची जवळपास हललीच नाही. या फरकातला साधारण 47 टक्के वाटा आनुवंशिक असावा, असा अंदाज 1999 मध्ये मांडला गेला. पण तो असंख्य जीन्समध्ये विखुरलेला. अहवालात तपासलेत मोजके. फिनलंडच्या मेंटिरांटाला एकाच जीनमुळे रक्तात जादा लाल पेशी मिळाल्या आणि 1964 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यानं स्कीइंगची दोन सुवर्णं घेतली. असा माणूस लाखांत एखादा. 2015 मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन सांगितलंय की मुलांची गुणवत्ता हेरायला या टेस्ट वापरू नका.

दोन स्टार किट आणि कुरिअरचे. त्याच पैशात बरे शूज आले असते.

लाल शेऱ्याचा आधार काय, असं मेलवर विचारलं. उत्तरात डाएट प्लॅनची लिंक आली, रविवारपर्यंत सवलतीत.