इस्तंबूलची वापूर : रेवस लाँचच्या एका जुन्या प्रवाशाचा अभिप्राय

गेली बावीस वर्षं माझं अलिबाग-मुंबई चालू आहे. पावसाळ्यात गेटवेची बोट बंद झाली की भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच. त्यामुळे बोटीतलं आपल्याला थोडंफार कळतं असा माझा समज आहे. त्याच जोरावर इस्तंबूलच्या बोटींबद्दल हे लिहितोय.

ऑक्टोबरात आम्ही दोघं चार दिवस इस्तंबूलला होतो. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी शहर आवडलं नाही. गुडघे काढणारे चढ, ट्राममध्ये चेंगराचेंगरी आणि एमिनोनूच्या, म्हणजे जुन्या शहरातल्या बोटींच्या धक्क्यांच्या, काठावर दर दहा पावलांवर ‘बॉस्फरस टूर, बॉस्फरस टूर’ करत अंगावर येणारी माणसं. बॉस्फरस म्हणजे शहराच्या मधून जाणारी सामुद्रधुनी. त्यातल्या एकाने आम्हाला दोन तासांची सफर गळ्यात मारलीच. वरच्या डेकवर जागा देतो म्हणाला, बसवलं खाली काचेमागे. गाणी एवढ्या मोठ्याने की हिने शेवटी ओढणी कानाला गुंडाळली. सव्वा तासात परत. त्या बोटीबद्दल एवढंच पुरे.

दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या म्हाताऱ्या नोकराने खुणा करून सांगितलं, वापूरने जा. वापूर म्हणजे तिथली रोजची प्रवासी बोट. शब्द मूळ फ्रेंच, वाफेवरून आलेला. आपल्या आगबोटीचाच भाऊ. आता बोटी डिझेलच्या आहेत, नाव मात्र राहिलं. शहराच्या या सेवेचं नाव ‘शेहिर हातलारी’, आणि ती आपला इतिहास 1851 पासून मोजते. वेगळं तिकीट काढावं लागत नाही. मेट्रो, ट्राम, बस, बोट, सगळ्याला एकच इस्तंबुलकार्त चालतं. आम्ही एकाच कार्डावर दोघं गेलो. मी टेकवलं, आत गेलो, मागे हात करून हिच्यासाठी पुन्हा टेकवलं.

जायचं होतं पलीकडच्या, आशियाच्या काठावरच्या कादिकोयला. आणि चुकीच्या बोटीत बसलो, उतरलो त्याच काठावरच्या उस्कुदारला. चूक सर्वस्वी माझी. एमिनोनूला कादिकोयचा धक्का वेगळा, उस्कुदारचा वेगळा, आणि मी पाटी न वाचता गर्दीमागे गेलो. बावीस वर्षांचा अनुभव! हिने हे घरी येऊन सगळ्यांना सांगितलंय, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. पण त्यामुळे पाण्यातला तो प्रसिद्ध बुरूज, किझ कुलेसी, जवळून दिसला. सुंदर आहे, पण आमच्या कुलाबा किल्ल्याची सवय असलेल्या डोळ्यांना देवळीएवढा वाटतो.

उस्कुदारला परतीच्या बोटीची वाट बघत उभा असताना एक गोष्ट खटकली. धक्क्याच्या खांबांकडे बघत होतो. आपल्याकडे खांबावर कालवांचा पांढरा पट्टा असतो, भरतीची खूण. तिथे तसलं काहीच नाही. पाणी आणि फलाट यांच्यातलं अंतर सकाळी जेवढं, दुपारी तेवढंच. मग डोक्यात उजेड पडला : इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच! रेवसला ओहोटीला लाँच गाळात बसते, भाऊच्या धक्क्यावर कधी दोन पायऱ्या उतरायच्या तर कधी दहा, तेही शेवाळावरून. इथे खलाशी दोर खुंट्याला टाकतो, फळी सरकवतो, आणि ऑफिसातून सुटलेल्या बायका उंच टाचांचे बूट घालून खटखट उतरून जातात. मला त्या शहराचा पहिल्यांदाच हेवा वाटला, तो मशिदी बघून नव्हे.

मग एमिनोनूहून कादिकोयची बोट. साधारण वीस मिनिटं. बाहेरच्या कठड्यालगतच्या लाकडी बाकावर बसायचं. आत गाद्या आहेत, पण आत बसायला आपण घरीच बसलो असतो. जाताना डावी बाजू धरा. कादिकोय येण्याआधी हैदरपाशा स्टेशन दिसतं, पाण्यातून वर आलेल्या जर्मन वाड्यासारखं. 2010 साली त्याच्या छपराला आग लागली होती.

चहावाला तबक घेऊन फिरतो. कमरेत बारीक काचेचा पेला, कोरा लालभडक चहा, बशीत साखरेच्या दोन वड्या. ही पहिल्या घोटाला म्हणाली, “दूध विसरले वाटतं.” पेल्याला कान नसतो, कडेला धरला तरी बोटं भाजतात. आजूबाजूचे लोक पेपर वाचत, डुलक्या काढत चाललेले. एक मुलगी शेजारणीच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती, धक्का यायच्या अर्धं मिनिट आधी आपोआप उठली. ही विद्या आम्हालाही येते.

2013 पासून समुद्राखालून मारमाराय रेल्वे जाते, बोटीपेक्षा कितीतरी लवकर पोचवते. तरी बोट भरलेली होती.

उणं काढायचं तर संध्याकाळी सहाच्या सुमाराला काचेच्या दाराआड तुंबलेली गर्दी. दार उघडलं की आपली लोकल बरी असं वाटतं. पिशव्या पुढे धरा.

परतीला पुन्हा डावीकडे बसलो. सूर्य तोपकापी राजवाड्याच्या मागे उतरत होता. मांडव्याच्या बोटीवर थंडीत लोक सीगलना गाठ्या टाकतात, तसे इथे सिमित टाकतात; तिळाचं कडं, चवीला पावाच्या जवळचं. हिने तुकडा हवेत टाकायच्या ऐवजी हातातच धरून ठेवला. पक्ष्याने तो अल्लद उचलला. मग उरलेलं अख्खं सिमितही. आम्ही दुसरा चहा नुसताच प्यायलो. हिने दूध मागितलं नाही.