कॉलेजच्या लायब्ररीसाठी व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम की टेलिग्राम?

लायब्ररीचं सोशल मीडियावर काहीतरी सुरू करायचंय पण नक्की कुठे ते ठरत नाहीये, अशा ग्रंथपालांसाठी हे लिहितेय. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत एक ग्रंथपाल, एखादा असिस्टंट आणि एक-दोन अटेंडंट एवढाच स्टाफ, त्यात इश्यू-रिटर्न, बुक बँक, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, मग चार ठिकाणी अकाउंट उघडून चारही बंद पडण्यापेक्षा एकच नीट चालवा असं माझं ठाम मत आहे.

व्हॉट्सॲप आधी बघा कारण मुलं तिथे आहेतच. पण ग्रुप आणि चॅनेल यात मोठा फरक आहे आणि बरेच जण घाईत ग्रुप करून मोकळे होतात. ग्रुपला १०२४ जणांची मर्यादा, आणि प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकेल असं सेटिंग केलं तरी दिसतो. मुलींचे नंबर असे अनोळखी मुलांच्या हाती जाणं मला अजिबात पटत नाही, एखादा नको तो मेसेज आला की ती मुलगी ग्रुप सोडते आणि लायब्ररीशी असलेला तिचा संपर्कच तुटतो. चॅनेल भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आलं, त्यात फॉलोअर्सना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि फॉलोअर्स कितीही असू शकतात. अडचण अशी की चॅनेल अपडेट्सच्या टॅबमध्ये वेगळं पडतं, त्यामुळे नोटिफिकेशन चालू करा हे मुलांना आवर्जून सांगावं लागतं, आणि दुसरं म्हणजे तिथे मुलांना काही विचारता येत नाही.

विचारता येणं तर सगळ्यात महत्त्वाचं! म्हणून चॅनेलच्या जोडीला लायब्ररीचं वेगळं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, ते फुकट आहे, लायब्ररी बंद असताना ठरलेलं उत्तर आपोआप जातं आणि 'एन-लिस्टचं (कॉलेजांसाठीच्या ई-बुक्स आणि ई-जर्नल्सच्या सेवेचं) लॉगिन कसं मिळेल' सारख्या रोजच्या प्रश्नांची उत्तरं सेव्ह करून ठेवता येतात. स्वतःचा नंबर मात्र देऊ नका, परीक्षेच्या दिवसांत रात्री अकरालाही मेसेज येतात.

इन्स्टाग्रामवर लायब्ररी नजरेत भरते हे खरं. नवीन पुस्तकं, १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, किंवा कॅटलॉगमध्ये पुस्तक कसं शोधायचं याचं अर्ध्या मिनिटाचं रील, हे तिथेच शोभतं. पण कामाच्या सूचनांसाठी ते कच्चं आहे, स्टोरी २४ तासांत जाते, पोस्टखाली दिलेल्या मजकुरातली लिंक उघडत नाही, ती बायोमध्ये नाहीतर स्टोरीच्या स्टिकरमध्ये द्यावी लागते, आणि पोस्ट कोणाला दाखवायची ते ॲप ठरवतं. शिवाय रील करायला वेळ जातो तो वेगळाच. मास मीडियाची किंवा एनएसएसची दोन-तीन उत्साही मुलं सोबत असतील तरच यात पडा, आणि ज्युनिअरची अकरावी-बारावीची मुलं व्हिडिओत येणार असतील तर पालकांची परवानगी आधी घ्या.

टेलिग्रामची ताकद फायलींमध्ये आहे. २ जीबीपर्यंतची फाइल जाते आणि चॅनेलला आज जॉइन झालेल्यालाही जुनं सगळं मिळतं, त्यामुळे मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांसाठी एकदम सोयीचं. धोका पायरसीचा. पाठ्यपुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ तिथे सर्रास फिरतात, आणि २०२० मध्ये दिल्ली हायकोर्टाने वर्तमानपत्रांचे ई-पेपर फुकट वाटणारी चॅनेल्स काढायला लावली होती. लायब्ररीच्या नावावर असलं काही होता कामा नये, म्हणून फक्त ॲडमिनच टाकेल असंच चॅनेल ठेवा.

फेसबुक माजी विद्यार्थी आणि देणगीदारांसाठी ठीक, आत्ताच्या मुलांसाठी नको.

माझा सल्ला सरळ आहे, व्हॉट्सॲप चॅनेल आणि लायब्ररीचा नंबर यापासून सुरुवात करा, हात मोकळे असतील तर मग इन्स्टा. आणि चॅनेलवर सुविचार, गुड मॉर्निंग टाकू नका. वाचकाचा वेळ वाचवा हे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगितलंय, तर 'टीवायच्या कॉस्टिंगच्या पाच कॉपी आज परत आल्यात' असा एक ओळीचा मेसेज टाका, मुलं दुपारपर्यंत काउंटरवर येतात.

अकाउंट उघडताना लायब्ररीचाच ईमेल वापरा आणि जिथे जमेल तिथे दोन ॲडमिन ठेवा, कारण कंत्राटी ग्रंथपाल बदलला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो आणि नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून उभं करावं लागतं.