दमास्कसच्या नावाखाली पत्रा विकतायत, जरा जपून

गणपती होऊन आठ दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. सांगायची लाज वाटते, कारण आमच्या मित्रांमध्ये चाकू-सुरीतला जाणकार म्हणून मलाच विचारतात. खिशात कायम छोटा घडीचा चाकू असतो, त्याला आता ईडीसी म्हणतात, एव्हरीडे कॅरी, आमचे अण्णा आजोबा त्याला नुसता 'चाकू' म्हणायचे आणि त्यांच्या पानाच्या चंचीत अडकित्त्याशेजारी तो पडलेला असायचा. पार्सल फोडा, सुतळी कापा, ट्रेनमध्ये पेरू कापा, एवढंच काम. मी ठाण्यात नोकरीला, पण लांजा तालुक्यात घर आहे, चाळीसेक कलमं आहेत, आणि दरवर्षी बेणणीला, म्हणजे पावसात वाढलेलं गवत-झुडूप तोडायला, चार दिवस सुट्टी काढून जातो. ग्रासकटर आहे घरात, पण गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला आणि कलमाच्या बुंध्याजवळ तो चालवत नाही, साल सोलवटली की झाड गेलं. तिथे विळा आणि कोयतीच.

तर इन्स्टावर रील आली. अंधारी खोली, भट्टी, लालभडक लोखंड, घण पडतोय, मागे शंखाचा आवाज. खाली लिहिलं होतं की चार पिढ्यांचे कारागीर, ट्रकच्या कमानपाट्यापासून (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून) हाताने घडवलेली कोयती १४५० ला, आणि सोबत दमास्कस पोलादाचा, म्हणजे लाटांची नक्षी दिसणाऱ्या नावाजलेल्या पोलादाचा, खिशातला चाकू १८५० ला. रीलमध्ये एक माणूस त्या कोयतीने खिळा तोडतो आणि लगेच त्याच धारेने कागद कापून दाखवतो. मी ती रील सात-आठ वेळा बघितली असेल. आता कळतं की खिळा तोडल्यावर आणि कागद कापायच्या आधी मधे एक कट आहे, पण तेव्हा डोळे खिळ्यावरच.

व्हॉट्सअ‍ॅपवर बोललो. भाषा एकदम गोड, "दादा तुम्ही शेतकरी माणूस, तुम्हाला खोटं सांगून मी कुठे जाऊ". कॅश ऑन डिलिव्हरी आहे का विचारलं तर म्हणे धारदार वस्तू आहे, कुरियरवाले सीओडीत घेत नाहीत. मला ते पटलं. इथेच पहिली माती खाल्ली. क्यूआर पाठवला, स्कॅन केला तर नाव दुकानाचं नाही, कुठल्यातरी भलत्याच बाईचं. विचारलं तर म्हणे वहिनींचं खातं आहे, जीएसटीचं काम चालू आहे. दीडशे रुपये कुरियरचे धरून ३४५० पाठवले. बायको शेजारी बसली होती, ती म्हणाली अहो नाव वेगळं दिसतंय, मी म्हणलं असू दे गं, छोटे धंदेवाले असेच असतात.

पार्सल मात्र आलं, सहाव्या दिवशी. बाकीच्यांना नुसता दगड किंवा साबण येतो असं ऐकतो, मला वस्तू आल्या म्हणून मी गाफील राहिलो. पॅकिंग भारी, तपकिरी कागद, सुतळी, वर लाखेचा शिक्का. आत एक सोनेरी कार्ड, त्यावर लिहिलेलं की 'हे शस्त्र भारतीय कायद्यानुसार प्रमाणित'. कोयतीला कसलं आलंय प्रमाणपत्र, पण तेव्हा मी त्या कार्डाचा पण फोटो काढून ग्रुपवर टाकला.

चाकूवर लाटांची नक्षी सुंदर होती. पहिल्या दिवशी धार बरी होती, टोमॅटो कापला. तीन दिवसांत ऑफिसातली दोन खोकी फोडली आणि धार गेली. धार जाणं वेगळं आणि धार वळणं वेगळं, ह्याची वळली होती. नखावर धार उभी ठेवून हळूच ओढली की चांगली धार अडकते, ही एका बाजूने सरकत होती आणि दुसऱ्या बाजूने बारीक खरवडत होती. शंका आली पण मनात म्हणलं माझाच कोन चुकला असेल.

मग गावी गेलो. कमरेला आकडी बांधली, कोयती अडकवली, एकदम रुबाबात. पहिला अर्धा तास गवत आणि कोवळे फाटे, काही नाही. मग करवंदीच्या जाळीत हात घातला, मनगटाएवढा जुना बुंधा होता, तिसऱ्या घावाला कोयती शिरलीच नाही, घसरली, आणि मुठीत काहीतरी हललं. पुढच्या घावाला पातं मुठीतून निघून माझ्या डाव्या पोटरीच्या अंगाने गेलं आणि गडग्यावर खण्णकन वाजलं. वीतभर अंतर असेल. मी तिथेच खाली बसलो. नंतर मूठ फोडून बघितली तर मुठीत जाणारी शेपटी जेमतेम दीड इंच, बाकी सगळं एम-सील भरलेलं. आमच्या जुन्या कोयतीची शेपटी मुठीतून आरपार जाऊन मागे वळवून ठोकलेली आहे, साठ वर्षं झाली असतील तिला, मूठ दोनदा बदलली पण हलली नाही. आणि नव्या पात्याच्या धारेत अर्ध्या तासात जी खाच पडली होती ती तुटलेली नव्हती, चेपलेली होती, पत्र्याच्या डब्यासारखी.

दुसऱ्या दिवशी बाजाराला गेलो आणि लोहारमामांकडे दोन्ही वस्तू घेऊन बसलो. मामांचा भाता आता विजेच्या पंख्याचा आहे, बाकी ऐरण, सांडशी, पाण्याची डोण सगळं तसंच. त्यांनी कोयती हातात घेतली, वजन केलं, काही बोलले नाहीत. कानस घेतली आणि धारेवरून फिरवली. कानस कर्रकन चावली आणि लोखंडाचा भुसा पडला. मग माझी जुनी कोयती घेतली, तिच्या धारेवरून कानस काचेवरून जावी तशी सरकली, म्हणजे जुनी कडक आणि नवी मऊ. मग ग्राइंडर लावला. म्हणाले, "ठिनगी बघ. चांगल्या पोलादाची ठिनगी फुटते, फुलबाजीगत. हिची नुस्ती लांब जाते." खरंच, नवीची ठिणगी लांब पिवळी रेघ मारून विझत होती, जुनीची पुढे जाऊन फाटे फुटत होते. कमानपाट्याच्या पोलादात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो, साध्या मऊ लोखंडात त्याच्या निम्म्याहून कमी, तो फरक ठिणगीत दिसतो. ह्याला ना लॅब लागते ना सर्टिफिकेट.

मी म्हणलं मामा, पाणी देऊन (तापवून, पाण्यात बुडवून कडक करून) बघा ना, कदाचित पाणी द्यायचं राहिलं असेल. माझी आशा सुटत नव्हती. त्यांनी धार लाल केली, डोणीत बुडवली, चर्र झालं, वाफ आली, परत कानस लावली. परत तेच, कर्र. "बाबू, ह्या लोखंडाला पानी चढनार नाय. कितीबी बुडव. कमानपाटा नाय ह्यो, बाजारातली पट्टी हाय, कापून नि घासून दिल्यान." मग मला कळलं की ती रीलमधली भट्टी कुणाचीतरी वेगळीच असणार. नंतर फोटो गुगल लेन्समध्ये टाकले तर त्यातला चाकू परदेशातल्या एका साइटवर दोन वर्षांपासून आहे. हे पाच मिनिटांचं काम मी पैसे भरायच्या आधी करायला हवं होतं.

चाकूचं मी घरी बघितलं. दमास्कस म्हणजे पूर्वी आपल्याच दक्षिणेतलं वूट्झ पोलाद परदेशी जायचं आणि त्याच्या तलवारींवर पाण्यासारख्या लाटा दिसायच्या, ती वेगळी गोष्ट. आज दमास्कस म्हणून जे मिळतं ते दोन प्रकारच्या पोलादाचे थर तापवून ठोकून एकजीव केलेले असतात, बऱ्याचदा १०९५ आणि १५एन२० ह्या पोलादाच्या जाती, दुसऱ्यात निकेल असल्यामुळे अ‍ॅसिडमध्ये तो थर पांढरा राहतो आणि पहिला काळा पडतो. म्हणजे नक्षी आरपार असते, पात्याच्या पाठीवर वरून बघितलं तरी थर दिसले पाहिजेत. माझ्या चाकूची पाठ कोरी करकरीत होती. मी बारीक पॉलिशपेपर घेतला, इंचभर जागा घासली, नक्षी गेली. ती जाणारच, खऱ्याची पण जाते. पण खऱ्यावर फेरिक क्लोराइड लावलं की परत वर येते. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट बोर्डसाठी मिळतं ते, पुण्याला गेलो होतो तेव्हा आणलं, हातमोजे घालून लावलं, पंधरा मिनिटं ठेवलं. सगळं एकसारखं करडं. नक्षी नुसती वर छापलेली होती.

आता खरा भाग, ज्याच्यासाठी एवढं लिहितोय. मी त्या माणसाला फोटो आणि व्हिडिओ पाठवले, पैसे परत मागितले. आधी म्हणाला अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नाही तर रिटर्न नाही. मग म्हणाला तुम्ही चुकीचं वापरलंत. मी म्हणलं तक्रार करतो. तेव्हा भाषा बदलली. "दादा तुम्ही ऑनलाइन हत्यार मागवलंय, माझ्याकडे तुमचा पत्ता आहे, चॅट आहे, पोलिसात गेलात तर आधी तुमच्यावर आर्म्स अ‍ॅक्ट लागेल." आणि त्या सोनेरी कार्डाचा फोटो पाठवला, त्यावर 'शस्त्र' लिहिलं होतं ना.

खरं सांगतो, मी घाबरलो. पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या सगळ्यांनीच वाचल्यात, मला वाटलं उगाच कुठे चौकीवर कोयती घेऊन जायचं आणि आपणच आत बसायचं. काही दिवस गप्प राहिलो. बायकोला पण सांगितलं नाही. त्याचा धंदा ह्या भीतीवरच चालतो, पत्रा विकून एकदाच पैसे मिळतात, पण गिऱ्हाईक घाबरलं की तक्रारच होत नाही आणि तेच पेज पुढच्याला पत्रा विकायला मोकळं. मग आमच्या एका वकील मित्राला विचारलं, तो हसायलाच लागला. आर्म्स रूल्स २०१६ च्या अनुसूचीत नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळलेत. माझा चाकू तीन इंचाचा, कोयती शेतीचं अवजार. हां, पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश काढतात, तेव्हा शहरात कोयता हातात घेऊन फिरलात तर कारवाई होणारच, आणि विमानात केबिन बॅगेत चाकू चालत नाही, हे आहेच. पण शेतीची कोयती विकत घेतली आणि त्यात फसलो हे पोलिसांना सांगणं गुन्हा नाही.

मधल्या काळात अजून एक माती खाता खाता वाचलो. कुरियर कंपनीकडून विकणाऱ्याचा पत्ता मिळतो का बघावं म्हणून नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला, पहिला दिसला त्यावर फोन केला. समोरचा म्हणाला रिफंड मीच करून देतो, पाच रुपये भरा आणि एक अ‍ॅप टाका. अ‍ॅप स्क्रीन शेअरिंगचं होतं. अर्धं डाउनलोड झालं होतं, तेवढ्यात लिफ्टमध्ये रेंज गेली आणि फोन कट झाला. लिफ्टचे उपकार. एकदा फसलेला माणूस पैसे परत मिळवायला कासावीस असतो आणि त्यालाच दुसऱ्यांदा गाठतात.

शेवटी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेत यूपीआय व्यवहाराची तक्रार दिली, आणि १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंदवलं. १९३० वाल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "किती दिवस झाले?" मी म्हणलं बावीस. त्या "बरं" म्हणाल्या, पण त्या 'बरं'मध्येच कळलं. लगेच फोन केला तर पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवायची शक्यता असते, बावीस दिवसांनी काय राहणार. तक्रार नंबर मिळाला, पैसे अजून नाहीत. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत, त्यात विकणाऱ्याने नाव, पत्ता, तक्रार अधिकारी हे सगळं दाखवायला पाहिजे असं आहे, ह्या पेजवर फक्त एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर होता आणि मला तेव्हा त्यात काही खटकलंच नाही. पेज आता बंद आहे. तोच खिळा तोडणारा व्हिडिओ परवा दुसऱ्या नावाच्या पेजवर दिसला, आता कोयती १२९९ ला आहे.

भातकापणीच्या वेळी गावी गेलो तेव्हा मामांनी जुन्या जीपच्या पाट्यातून नवी कोयती करून ठेवली होती, शेपटी आरपार, मूठ खैराची, सहाशे रुपये. पैसे देताना मी विचारलं ऑनलाइनची ती कुठंय, फेकली काय. म्हणाले फेकतो कशाला, लोखंड मऊ आहे, चांगलं वळतं. तिची त्यांनी आमच्या गोठ्याच्या दाराला कडी करून दिलेली. बसते एकदम घट्ट, आणि काकी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, ही आमच्या बाबूची साडेचौदाशेची कडी.